पेटीतला वस्तरा

मेइजी काळाच्या सुरुवातीला जपानमध्ये पाच वर्षांच्या अंतराने दोन हुकूम निघाले आणि दोन पात्यांचं नशीब पालटलं. १८७१ च्या हुकमाने पुरुषांना डोक्यावरची पारंपरिक गाठ कापण्याची मुभा दिली. कपाळापासून टाळूपर्यंतचे केस तासायचे आणि मागचे केस बांधून गाठ घालायची, अशी ती जुनी रीत होती. पेशवाईतल्या घेऱ्याशी तिचं दूरचं नातं वाटावं. हे टाळू तासण्याचं नेमाचं काम वस्तऱ्याचं होतं, आणि केस कापण्याची नवी तऱ्हा रुळत गेली तसं ते संपलं. १८७६ च्या हुकमाने सामुरायांना कमरेला तलवार लावून हिंडण्याची बंदी झाली आणि तलवारीचंही रोजचं काम गेलं. दोन्ही पाती एकाच लोहारकीच्या परंपरेतली, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तलवार पेटीत गेली आणि सन्मानाने जगली. वस्तरा आणखी काही दशकं हातात राहिला आणि मग जवळजवळ नाहीसा झाला. आज उत्तम पोलादाचे, हस्तिदंती किंवा शिंपल्याच्या मुठीचे, सोन्याचं पाणी दिलेले महागडे वस्तरे जगभरचे शौकीन विकत घेतात. ते वापरावेत की जपून ठेवावेत, हा प्रश्न वरवर छंदाचा दिसतो. जपानी पात्यांच्या इतिहासात त्याचं उत्तर सापडतं, आणि माझ्या मते ते स्पष्ट आहे: वस्तरा वापरावा. तलवारीला पेटी मानवली म्हणून ती वस्तऱ्यालाही मानवेल, हे गृहीतच चुकीचं आहे.

जपानमध्ये वस्तरा आला तो बौद्ध धर्माबरोबर. बौद्ध भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत, म्हणजे त्याला बाळगता येणाऱ्या आठ वस्तूंत, भिक्षापात्र, तीन चीवरं, कंबरपट्टा, सुई आणि पाणी गाळण्याच्या फडक्याबरोबर वस्तराही आहे. ज्याने सर्वस्व सोडलं त्याच्याकडेही उरतं असं हे अवजार. चीन आणि कोरियामार्गे धर्म सहाव्या शतकात जपानला पोचला आणि मुंडनाबरोबर वस्तराही तिथे रुजला. त्याचं जपानी नाव ‘कामिसोरी’, अर्थ अगदी साधा: केस तासणारं. झेन मठांत महिन्याच्या ज्या तारखांच्या शेवटी चार किंवा नऊ येतात त्या दिवशी डोकं तासण्याची रीत आजही पाळली जाते. पुढे योद्ध्यांमध्ये टाळू तासण्याची प्रथा पसरली. आरंभी ते केस चिमट्याने उपटत. नंतर ते काम वस्तऱ्याकडे आलं. मेइजीच्या आधीच्या एदो काळात शहराशहरांत केस बांधणाऱ्यांची दुकानं उभी राहिली आणि ती गप्पांचे अड्डे बनली. शिकितेइ सांबा या लेखकाने १८१३ च्या सुमारास ‘उकियोदोको’ ही विनोदी कादंबरी रचली ती अशाच दुकानात घडते. मठ असो की दुकान, वस्तऱ्याची किंमत तो करत असलेल्या कामावरून ठरत होती. भाषेनेही त्याची धारच लक्षात ठेवली. मेइजी काळातले परराष्ट्रमंत्री मुत्सु मुनेमित्सु यांना त्यांच्या तल्लख बुद्धीमुळे लोक ‘वस्तरा मंत्री’ म्हणत.

या कामिसोरीची घडण पाहिली की तिचा स्वभाव कळतो. युरोपी वस्तऱ्यासारखी तिला मिटणारी मूठ नसते. पातं आणि दांडा एकाच तुकड्याचे, दांड्यावर बहुधा वेताची गुंडाळी. कठीण पोलादाचा थर मऊ लोखंडाला तापवून ठोकून जोडलेला असतो: धार पोलादाची, अंग लोखंडाचं. त्यामुळे धार कडक राहते आणि तरी पातं दगडावर घासायला सोपं जातं. दोन बाजू सारख्या नसतात. एक अधिक खोलगट असते आणि दगडावर दोन्हींना सारखं घासत नाहीत. बनवणाऱ्याचा शिक्का सोडला तर शोभेचं काही नाही. शेफील्ड आणि सोलिंगेनच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात वस्तऱ्याला हस्तिदंत, शिंपला, कासवाची पाठ अशा मुठी दिल्या, पात्यावर चित्रं कोरली, आठवड्याच्या सात दिवसांचे सात वस्तरे मखमली पेटीत बसवले. जपानी वस्तऱ्याचं सगळं मोल पोलादात आणि पाणी देण्याच्या कसबात गेलं. आणि इथेच तलवार आणि वस्तरा यांतला मूळ फरक आहे. तलवारीला चांगला जिल्हईकार भेटला की तिच्या पोलादाचं सगळं अंतरंग उजेडात येतं: ‘हामोन’ नावाची धारेलगतची लाट, घड्या घालून ठोकलेल्या पोलादाचा पोत. न वापरता, नुसती प्रकाशात तिरकी धरली तरी जाणकाराला बनवणाऱ्याचा हात ओळखता येतो. वस्तऱ्याची गुणवत्ता धारेत असते आणि ती धार इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. ती कळते गालावर: केस ओढला जातो की न कळत तुटतो, कातडी नंतर जळते की शांत राहते. म्हणून पेटीतली तलवार आपल्या कारागिराबद्दल बोलते, आणि पेटीतला वस्तरा फक्त आपल्या मुठीबद्दल.

तलवारीला पेटीत जिवंत ठेवणं तरी सोपं गेलं का? १८७६ नंतर तलवारीचे बहुतेक लोहार सुऱ्या, विळे, कात्र्या करू लागले. तलवारीवरचं नाजूक धातुकाम करणारे कानो नात्सुओ सरकारच्या नव्या टांकसाळीसाठी नाण्यांचे साचे कोरण्याच्या कामात आधीच गुंतले होते. पुढे ते टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक झाले. गास्सान सादाकाझु यांच्यासारख्या मोजक्यांनी तलवार सोडली नाही आणि १९०६ मध्ये त्यांना राजदरबारचे कलाकार म्हणून मान मिळाला. १९४५ च्या पराभवानंतर दोस्त सैन्याने तलवारी शस्त्रं म्हणून जमा केल्या. कित्येक नष्ट झाल्या, कित्येक परदेशी गेल्या. तलवार ही कलावस्तू आहे हे पटवून देण्यासाठी जाणकारांना झगडावं लागलं. १९४८ मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. १९५८ च्या कायद्याने नोंदणीची चौकट पक्की केली. तलवारीचं पोलाद, ‘तामाहागाने’, मिळेनासं झालं तेव्हा याच संस्थेने १९७७ मध्ये शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे मातीची जुनी भट्टी, ‘तातारा’, पुन्हा पेटवली. तिथे हिवाळ्यात तीन दिवस आणि तीन रात्री भट्टी अखंड धगधगते. सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन कोळसा तिच्यात जातो आणि हाती लागतो अडीच टनांच्या आसपासचा गोळा, ज्यातलं अव्वल पोलाद एक टनही भरत नाही. तलवार घडवायला परवाना लागतो, त्याआधी गुरूच्या हाताखाली किमान पाच वर्षं काढावी लागतात, आणि लांब तलवारी महिन्याला दोनच करता येतात. आज राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेल्या तलवारींची संख्या शंभराहून अधिक आहे. कामावेगळं झालेलं पातं टिकवायचं तर किती आधार लागतो, याचा हा हिशेब आहे: कायदा, संस्था, भट्टी, परवाना, संग्रहालय आणि पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजणारे रसिक.

वस्तऱ्याला यांतलं जवळजवळ काहीच मिळालं नाही. सुरुवातीला त्याला गरजही नव्हती, कारण गिऱ्हाईक होतं. योकोहामासारख्या बंदरांत पाश्चात्त्य पद्धतीची केशकर्तनालयं निघाली, मिटणारे वस्तरे आले आणि जपानी कारागीर तेही बनवू लागले. जुनी कामिसोरीही न्हाव्यांच्या आणि घराघरांतल्या बायकांच्या हातात राहिली. चेहऱ्यावरची लव आणि मानेमागचे केस काढण्याची रीत तिथे जुनी आहे, आणि लग्नाआधी नवरीचा चेहरा व मान तासून घेणं आजही प्रचारात आहे. निइगाता प्रांतातल्या सांजो गावी लोहारकाम पिढीजात. तिथले इवासाकी कोसुके टोकियो विद्यापीठात धातुशास्त्र शिकले, तलवारीच्या पोलादाचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला, आणि ते सगळं ज्ञान वस्तरे करण्याकडे वळवलं. त्यांचे पुत्र शिगेयोशी यांनी तामाहागानेचे वस्तरे घडवून ही परंपरा पुढे नेली. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. युद्धासाठी शोधलेलं, मग पेटीत बसवलेलं पोलाद कुणा न्हाव्याच्या हातून सामान्य माणसाच्या गालापर्यंत पोचलं. पण बाजाराचा रोख वेगळा होता. तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या सेकी शहरात १९३२ पासून बदलत्या पात्यांचं उत्पादन सुरू झालं. विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने केशकर्तनालयांतही एकदा वापरून टाकायची पाती रूढ झाली. सेकीत सुरू झालेली फेदर कंपनी जुन्या वस्तऱ्याच्या घाटाचे, पण बदलत्या पात्याचे वस्तरे बनवते. घाट टिकला, दगडावर लावायची धार गेली. त्याच काळात साकाई, सेकी, सांजो इथल्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांची मागणी जगभर वाढत होती. सेकीच्या जुन्या तलवारकार घराण्याचं ‘सेकी मागोरोकु’ हे नाव आज सुऱ्यांच्या पात्यावर आहे. सुरीला जिवंत ठेवायला भट्टीचा उत्सव करावा लागला नाही, कारण रोज कुठेतरी मासळी कापली जाते.

म्हणजे तीन पाती, तीन गती. तलवारीला काम उरलं नाही, पण आधार मिळाला. सुरीला आधार लागला नाही, कारण काम उरलं. वस्तऱ्याला कामही उरलं नाही आणि आधारही मिळाला नाही. आता त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शौकीन. तो काय करतो, यावर या कलेचं पुढचं बरंचसं अवलंबून आहे. संग्रह करणारा बहुधा जुना वस्तरा घेतो, शक्यतो न वापरलेला, मूळ खोक्यासकट. त्याचे पैसे दुसऱ्या संग्राहकाकडे जातात. ऐरणीपर्यंत पोचत नाहीत. न वापरलेल्या वस्तऱ्याला धार लावावी लागत नाही, म्हणून धार लावणाऱ्याचीही गरज नाही. वापरणाऱ्याची गोष्ट उलट. त्याला दगड लागतो, चामड्याचा पट्टा लागतो, वर्षातून कधी तरी जाणत्या हाताची मदत लागते, धार चांगली की वाईट हे ओळखण्याची सवय लागते, आणि काही काळाने दुसरा वस्तरा हवासा वाटतो. वस्तऱ्याची धार लावायला जे अत्यंत बारीक कणांचे नैसर्गिक दगड लागत, ते क्योतोच्या आसपासच्या डोंगरांतून निघत. नाकायामा, नारुताकी ही त्या खाणींची नावं कारागिरांच्या तोंडी अजून आहेत, पण बहुतेक खाणी बंद झाल्या. दगड संपले हे एक कारण. दगड ओळखणारे हात कमी झाले हे दुसरं. लोहार, दगडवाला, धार लावणारा, न्हावी आणि गिऱ्हाईक ही एक साखळी आहे, आणि ती वापराच्या एकाच कडीने जोडलेली असते. ती कडी काढली तर बाकीच्या कितीही चकचकीत ठेवल्या तरी साखळी उरत नाही.

यावरचा पहिला आक्षेप झिजेचा आहे, आणि तो खरा आहे. दगडावर घासलं की पोलाद जातं. जुने जपानी वस्तरे कधी कधी मूळ रुंदीच्या निम्म्यावर आलेले दिसतात. सोन्याचं पाणी आणि पात्यावरची नक्षी पुसट होते. जे पुन्हा घडवता येणार नाही ते झिजवायचं का? पण तलवारही झिजते. तिला प्रत्येक नवी जिल्हई दिली की थोडं पोलाद जातं, आणि जुन्या तलवारी वारंवार जिल्हई झाल्याने वरचं कठीण पोलाद संपून ‘थकलेल्या’ म्हटल्या जातात. केवळ पाहण्यासाठी म्हणून जपान ही झीज मान्य करतो. मग वस्तऱ्याने आपल्या खऱ्या कामासाठी झिजू नये, हा न्याय कुठला? शिवाय हिशेब पाहा. रोज दाढी करणाऱ्या माणसाचा वस्तरा पट्ट्यावर नीट फिरवला तर दगडावर क्वचितच न्यावा लागतो, आणि बारीक दगडावर जाणारं पोलाद अत्यल्प असतं. घरगुती वापरात चांगला वस्तरा माणसाचं आयुष्य सहज पुरतो आणि मुलाकडे जातो. निम्म्यावर आलेले वस्तरे दुकानात रोज अनेक गिऱ्हाइकांवर चाललेले असतात. उलट पेटीतला वस्तराही अमर नसतो. दमट हवेत गंजाचा फटका सर्वांत आधी धारेला बसतो, कारण तिथे पोलाद सर्वांत पातळ असतं. रोज पुसला जाणारा वस्तरा गंजत नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतला मात्र गंजतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नक्षीकाम पाहण्यासाठीच केलेलं असतं. शोभेची वस्तू कामाला लावणं म्हणजे कारागिराचा हेतू मोडणं. जपानी परंपरेत शोभेच्या पात्याला स्वतंत्र जागा होतीच. दरबारी समारंभासाठी ‘काझारिताची’ नावाची सजवलेली तलवार असे आणि तिचं पातं अनेकदा बोथटच असे. नारा इथल्या शोसोइन भांडारात सम्राट शोमू यांच्या वस्तू ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी तोदाइजीच्या महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या भांडारात शिंगाच्या आणि इतर मौल्यवान मुठींच्या लहान सुऱ्या आजही आहेत. पण या वस्तू शोभेच्या म्हणजे निरुपयोगी नव्हत्या. त्या कमरेला लावून दरबारात जायचं, हाच त्यांचा उपयोग होता. बोथट पातं हे त्या उपयोगाचं प्रामाणिक चिन्ह. वस्तऱ्याची गोष्ट वेगळी, कारण सर्वांत नटवलेल्या वस्तऱ्यालाही कारागिराने खरी धार दिलेली असते. नक्षी मुठीवर आणि पाठीवर असते, धारेवर नसते; ती वापरणाऱ्या हाताला आणि डोळ्याला सुख देण्यासाठी असते. चहाच्या परंपरेने हे फार स्पष्ट करून ठेवलं आहे. क्योतोच्या दाइतोकुजीतल्या कोहोआन मंदिरातला ‘किझाएमोन’ वाडगा राष्ट्रीय ठेवा आहे. मुळात तो कोरियातल्या सामान्य माणसाचा रोजच्या वापराचा वाडगा मानला जातो. १९३१ मध्ये तो पाहून लोककलेचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सु यांनी लिहिलं, आणि वापरातून जन्मणाऱ्या सौंदर्याचा त्यांचा विचार त्यातून ठामपणे पुढे आला. चहाच्या जाणकारांनी अशी अनमोल पात्रं पेटीत ठेवली, पण चहासाठी पुन्हा पुन्हा बाहेर काढली. फुटली तर लाखेने जोडून सांध्यावर सोनं भरलं. वापराची खूण त्यांनी लपवली नाही. तिलाच दागिना केलं.

कुणी म्हणेल, स्वतः यानागींनी १९३६ मध्ये टोकियोत लोककला संग्रहालय उभारलं आणि हजारो वस्तू कपाटांत ठेवल्या. शिवाय संग्राहक नसते तर कित्येक वस्तरे, कित्येक कारागिरांची नावं भंगारात गेली असती. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मर्यादा नीट आखायला हवी. ज्या वस्तूचा जोडीदार उरला नाही, जिच्यावरून कारागिराची पद्धत शिकता येते, जिचं पातं तडकलं आहे, किंवा जिची मूठ कासवाच्या पाठीसारख्या आता नव्याने न मिळणाऱ्या द्रव्याची आणि आधीच ठिसूळ झालेली आहे, ती संग्रहालयात असावी. सेकीमध्ये वस्तऱ्यांना वाहिलेलं संग्रहालयच आहे आणि त्याची गरजही आहे. पण संग्रहालयाचं काम नजर घडवण्याचं. घडलेल्या नजरेने बाहेर येऊन चांगली वस्तू मागितली, वापरली, तर ते काम पुरं झालं. शेकडो खासगी कपाटांत एकाच घडणीचे शेकडो वस्तरे कधीच गालाला न लागता पडून राहिले, तर नजर घडत नाही. किंमत मात्र वाढते. ती वाढली की वापरू इच्छिणारा मागे सरतो, आणि नवा लोहार कुणासाठी घडवायचं हा विचार करत ऐरण सोडतो. आरोग्याची शंकाही इथेच मिटते. एक वस्तरा अनेकांवर चालवणं धोक्याचं आहे, हे दुकानांनी बरोबर ओळखलं. एका माणसाचा स्वतःचा वस्तरा, नीट धुतलेला आणि वाळवलेला, त्या धोक्यात येत नाही. उलट महागडा वस्तरा वापरायला सर्वांत योग्य जागा म्हणजे घरच.

दर वर्षी ८ नोव्हेंबरला जपानमध्ये पात्यांचा दिवस पाळतात. सेकी शहरात त्या सुमारास झिजलेल्या, मोडक्या, निकामी सुऱ्या, कात्र्या आणि पाती गोळा होतात आणि त्यांच्यासाठी विधिपूर्वक प्रार्थना होते. इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल त्यांचे आभार मानले जातात आणि मग ते पोलाद पुन्हा उपयोगात आणलं जातं. शिंपीकाम करणारे वाकलेल्या, मोडलेल्या सुया हिवाळ्यात मऊ तोफूत टोचून निरोप देतात, तीच ही भावना. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू लागतं ते ती वर्षभर राबतात म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला लागतात म्हणून. दोन्हीकडे पूजेचा मान कष्टाने मिळतो. त्या विधीत पेटीतल्या कोऱ्या वस्तऱ्याला जागा नाही, कारण त्याचे आभार कशाबद्दल मानायचे हे कुणालाच सांगता येणार नाही. ज्या लोहाराने ते पोलाद तापवलं, पाणी दिलं, दगडावर लावलं, त्याने ते कुणाच्या तरी सकाळसाठी केलं होतं. महागडा, नक्षीदार वस्तरा ज्याच्या हाती येईल त्याने तो उघडावा, पट्ट्यावर फिरवावा, गालाला लावावा आणि काम झालं की पुसून ठेवावा. असा झिजलेला वस्तरा एके दिवशी निरोपाच्या त्या ढिगात जाऊन पडला, तर त्याचं आयुष्य पुरं झालं असं म्हणता येईल.